खाऱ्या हवेतला लॅपटॉप पुन्हा चालता केला

लॅपटॉप २०१२ च्या सुमाराचा, तिसऱ्या पिढीच्या इंटेल आय-५ प्रोसेसरचा. मालवणात पावसाळाभर बंद राहिला, नंतर पंखा फिरायचा पण स्क्रीन काळी. किनाऱ्यावर अशा वेळी मदरबोर्ड गेला असं लगेच मानू नये. आधी रॅम, म्हणजे बोर्डावरच्या खाचेत बसणारी मेमरीची चिप-पट्टी, पाहावी. खारट दमट हवेने तिच्या सोनेरी पट्ट्यांवर पातळ थर चढतो आणि संपर्क तुटतो.

चार्जर आणि बॅटरी काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. रॅम बाहेर काढून तिच्या सोनेरी पट्ट्यांवर पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा बोर्डापासून दूर झटका. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पाणी मिसळलेलं स्पिरिट नको, त्यातलं पाणी सॉकेटमध्ये, म्हणजे रॅमच्या खाचेत, राहतं. सॉकेट मऊ ब्रशने साफ करून अर्धा तास वाळू द्या. एवढ्यावरच स्क्रीन आली.

वेग मात्र जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे अडला होता. तिच्या जागी २.५ इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली, २४० जीबी. रोजच्या कामाला पुरते. रॅम ४ ची ८ जीबी केली. चौथ्या पिढीचा लॅपटॉप असेल तर १.३५ व्होल्टची डीडीआर३एल प्रकारची रॅमच घ्या, १.५ व्होल्टची बहुधा चालत नाही.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. तारीख सतत मागे जात होती, त्यासाठी सीमॉस सेल (बोर्डावरचं घड्याळ चालू ठेवणारा छोटा सेल) बदलला.

पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी तासभर चालू ठेवा. आतल्या उष्णतेने ओल धरत नाही.