मंडळीची वाट पाहू नका

पियानोची आठवी ग्रेड पास होऊन मी पुण्यातल्या एका चर्चमध्ये उपासनेला ऑर्गन वाजवायला बसले आणि चौथ्या कडव्यापर्यंत गीत रांगायला लागलं. बाहेर पडताना एक आजी हात धरून म्हणाल्या, "बाळ, आज दम लागला गं." ते अजून टोचतं.

चूक नीट सांगते, कारण ग्रेडच्या परीक्षेत ती कधी पकडली जात नाही. मागच्या बाकांवरचा आवाज ऑर्गनवर बसलेल्याला उशिरा ऐकू येतो. वाटतं, मंडळी, म्हणजे चर्चमध्ये जमून गाणारे लोक, मागे पडली, जरा थांबू. आपण थांबलो की मंडळी आपल्यासाठी थांबते, मग आपण आणखी थांबतो. ओळीगणिक थोडी थोडी लय सांडत जाते. म्हणून लय सोडायची नाही, ऐकू काहीही येवो. शब्द ओठांत म्हणत वाजवा. माणूस जिथे श्वास घेईल तिथे हात उचला. ऑर्गनला दम लागत नाही, गाणाऱ्यांना लागतो. दोन कडव्यांमधली थांबण्याची जागा दर वेळी तेवढ्याच मात्रांची ठेवा, म्हणजे पुढचं कडवं कधी उचलायचं ते त्यांना कळतं. एवढं हाडात मुरायला मला दोन वर्षं लागली. तुम्हालाही लागतील, घाबरू नका.

पियानोवाल्यांनो, इथे सस्टेन पेडल नाही. बोट उठलं की सूर तुटला. पट्टी दाबलेली ठेवूनच बोट बदलायला शिका. पायही हवा भरायला नसतात; ते पायपेटीचं काम. इथे पायांनी खर्जाचे सूर वाजवायचे असतात.

रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांवर चार आवाजांची हार्मनी लादू नका. पेटी-तबल्याला जागा द्या, आपण आधारस्वर धरा.

मानधनावर घर चालत नाही, शिकवण्या कराव्याच लागतात. ग्रेडच्या परीक्षा घेणाऱ्या लंडनच्या दोन संस्थांपैकी एबीआरएसएमच्या सहाव्या ग्रेडआधी पाचवीची थिअरी किंवा तिच्या बदल्यात चालणारी परीक्षा लागते, ट्रिनिटीत ती अट नाही. पण वर्षभर परीक्षेचेच तीन तुकडे घोकून घेणाऱ्या शिक्षकाकडे जाऊ नका, आणि स्वतः तसे होऊ नका. आपोआप साथ वाजवणाऱ्या ऑटो-कॉर्डवाल्या कीबोर्डवर हात बसवलात तर ती सवय मोडायलाच वर्ष जाईल.

कॅम्पातल्या सेंट मेरीज आणि गुरुवार पेठेतल्या पंचहौदाच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून ऐका. पहिली संधी बहुधा कुणी वादक गावाला गेला की मिळते. आदल्या शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये सगळी गीतं वाजवून पाहा. सोबत एखादी मैत्रीण न्या, तिला शेवटच्या बाकावर बसून मोकळ्या आवाजात गायला सांगा.