सशाचे पोट चालते ठेवण्यासाठी

सशाच्या पोटाची तपासणी रोज सकाळी, त्याच्यापुढे नवे खाणे ठेवण्याआधी, पिंजऱ्यात पडलेल्या लेंड्या पाहून करावी. निरोगी सशाची लेंडी गोल, कोरडी, जवळपास बिनवासाची आणि साधारण मटारच्या दाण्याएवढी असते. दोन बोटांत दाबली की तिचा भुगा होतो आणि त्या भुग्यात गवताचे बारीक तूस स्पष्ट दिसते. दिवसभरात अशा 200 ते 300 लेंड्या पडतात. त्या नेहमीपेक्षा लहान, काळपट किंवा वेड्यावाकड्या होऊ लागल्या, अथवा संख्येने घटल्या, तर आतड्यांची गती मंदावली आहे असे समजावे. ससा आजार शेवटपर्यंत लपवतो. लेंड्या मात्र आदल्या दिवशीच सांगतात.

असे का होते, हे कळले की आहाराचे बाकीचे नियम आपोआप लक्षात राहतात. सशाच्या लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर सीकम नावाची एक मोठी पिशवी असते आणि त्यातील असंख्य सूक्ष्मजीव गवतातील अन्नांश आंबवून त्यापासून सशाला ऊर्जा मिळवून देतात. जाडाभरडा तंतुमय भाग सीकममध्ये जात नाही. तो पुढे ढकलला जातो, आतड्यांना हलते ठेवतो आणि कोरड्या लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. सीकममध्ये आंबलेला भाग मात्र मऊ, गडद, चकचकीत, तुतीच्या फळासारख्या घोसाच्या रूपात बाहेर येतो आणि ससा तो थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. त्यातून त्याला प्रथिने आणि ब गटातील जीवनसत्त्वे मिळतात. हे पाहून अनेक जण त्याला दटावतात किंवा ओढून बाजूला करतात. तसे कधीही करू नये, कारण हे त्याचे दुसऱ्यांदा जेवणेच आहे. हे घोस न खाता पिंजऱ्यात तसेच पडून राहत असतील, तर खाण्यात पेलेट (दाबून बनवलेले तयार खाद्याचे दाणे), फळे किंवा पिष्टमय पदार्थ जास्त होत आहेत का ते आधी पाहावे. त्यातही दोष सापडला नाही, तर लठ्ठपणामुळे किंवा सांधेदुखीमुळे सशाला मान वळवून खालपर्यंत पोहोचता येत नसेल.

म्हणून सशाच्या आहारात गवत हे तोंडीलावणे नाही, तेच जेवण आहे. दिवसाच्या खाण्यातील किमान 80 टक्के भाग वाळलेल्या गवताचा असावा आणि ते रात्रंदिवस त्याच्यापुढे असावे. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे दात तर आठवड्याला साधारण 2 मिलिमीटर, आणि ते झिजवण्याचे काम गवत चघळण्यानेच होते. टिमोथी किंवा ओटचे वाळलेले गवत आता शहरांतील दुकानांत मिळते. महाग वाटल्यास स्वच्छ जागेवरची, फवारणी न झालेली हरळी कापून घरीही वाळवता येते. जुन्या साडीवर तिचा पातळ थर पसरावा, सावलीत पण वाऱ्यावर ठेवावा, दिवसातून दोनदा उलटावा. मुठीत घेतल्यावर कुरकुर वाजू लागली आणि तरीही हिरवट रंग व गोडसर वास टिकून असला, तर ती वाळली. ती गोणपाटात भरावी, प्लास्टिकच्या पिशवीत नको, कारण पावसाळ्यात आत ओल धरून बुरशी येते आणि बुरशी आलेले गवत सरळ फेकून द्यावे लागते. लॉन कापण्याच्या यंत्रातून निघालेला चुरा लवकर आंबतो, तो देऊ नये. फुलवाल्याकडची दूर्वांची जुडी धुऊन देण्यास हरकत नाही, मात्र तेवढ्यावर पोट भागत नाही.

लसूणघासाबद्दल स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण दुभत्या जनावरांसाठी उत्तम असलेला हा चारा सशालाही उत्तमच असेल असा समज आहे. त्यात प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर असते. सुमारे सहा महिन्यांपर्यंतच्या पिलांना आणि गाभण मादीला ते उपयोगी पडते. मोठा ससा मात्र जादा कॅल्शियम लघवीवाटे टाकतो आणि ते मूत्राशयात गाळासारखे साचू शकते.

पेलेट द्यायचेच तर वजनाच्या किलोमागे दिवसाला 25 ग्रॅमपेक्षा जास्त देऊ नयेत. दाणे, सुकी फळे आणि रंगीत तुकडे असलेले मिश्रण घेऊच नये, कारण ससा त्यातील गोड तेवढे निवडून खातो. हिरव्या पाल्यात कोथिंबीर, पुदिना, गाजराचा आणि मुळ्याचा पाला, तुळस, शेपू हे चालते. नवा पाला एका वेळी एकच, चिमूटभरापासून सुरू करावा आणि दोन-तीन दिवस लेंड्या पाहून मगच वाढवावा. पालक अधूनमधूनच द्यावा. गाजर हे खरे तर गोड खाऊ आहे, म्हणून अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा, तोही आठवड्यातून एक-दोनदा, पुरे. पोळी, भात, बिस्किटे, भिजवलेले हरभरे, कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट यांतले काहीही देऊ नये. माझ्या पहिल्या सशाला मी रोज रात्री पोळीचा तुकडा देत असे, कारण तो दोन पायांवर उभा राहून तो मागायचा. आठव्या महिन्यात तो अंग चोरून कोपऱ्यात बसला, दात करकरा वाजवू लागला, आणि ते वेदनेचे लक्षण आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तो वाचला, पण ती रात्र मी विसरलेलो नाही.

पाणी बाटलीपेक्षा जड वाडग्यात ठेवावे, ससा त्यातून जास्त पितो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही बाब जिवावर बेतणारी ठरते, कारण उकाड्याने ससा खाणे सोडतो आणि खाणे थांबले की आतडेही थांबते. अशा दिवसांत फरशीवर गारवा मिळेल अशी जागा, बाजूला टेकायला थंड पाण्याची कापडात गुंडाळलेली बाटली आणि धुऊन ओलाच ठेवलेला पाला द्यावा.

सशाने 10 ते 12 तास काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. पाण्यासारखे जुलाब, विशेषतः पिलाला, हीही तितकीच तातडीची वेळ आहे. जाताना शेवटच्या काही लेंड्या पिशवीत घ्याव्यात आणि त्याने शेवटचे कधी व काय खाल्ले ते लिहून न्यावे. पूर्वी अशा वेळी पोटातील केसांच्या गोळ्याला दोष देत. आज असे मानले जाते की बहुतेकदा आतडे आधी मंदावते आणि मग केस साचतात. पोट फुगून टणक झाले असेल, तर आतड्यात अडथळा असू शकतो. तेव्हा बळेच भरवू नये.

घरातील उरलेले प्रतिजैविक तर कधीच देऊ नये. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधे तोंडावाटे गेली की सीकममधील उपयुक्त जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात आणि ससा दगावू शकतो. कुत्र्या-मांजरांवर रोज उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही, औषध लिहिण्याआधी, हे ससा आहे आणि ते औषध सशाला चालते का, असे नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. शस्त्रक्रियेपूर्वी त्याला रात्रभर उपाशी ठेवण्यास सांगितले, तरीही हाच प्रश्न विचारावा. सशाला उलटी होऊच शकत नाही, त्यामुळे कुत्र्या-मांजरांना लागू असलेले उपाशी ठेवण्याचे कारण इथे उरत नाही, आणि गवत मात्र भूल देण्याच्या थोडा वेळ आधीपर्यंत त्याच्यापुढे असावे लागते.