लॅपटॉपचा बायोस पासवर्ड विसरलात? स्क्रू ड्रायव्हर घ्यायच्या आधी हे वाचा

लॅपटॉप चालू केला की विंडोजचा लोगो यायच्या आधीच काळ्या स्क्रीनवर पासवर्ड मागतोय आणि तो काही केल्या आठवत नाहीये, अशी गत झाली असेल तर आधी एक करा, विंडोज परत टाकायच्या भानगडीत पडू नका. हा पासवर्ड विंडोजचा नाहीच, तो बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामचा. तो मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बसलेला असतो, डिस्क फॉरमॅट करा नाहीतर नवी टाका, तो जागचा हलत नाही.

मग नक्की कुठलं कुलूप लागलंय ते बघा. चालू करताक्षणी मागतोय तो पॉवर-ऑन पासवर्ड. एफ२ किंवा एफ१० दाबून बायोसच्या सेटअपमध्ये (सेटिंग्जमध्ये) जाताना मागतोय तो अ‍ॅडमिन नाहीतर सुपरवायजर पासवर्ड. आणि स्क्रीनवर हार्ड डिस्क पासवर्ड असं काही लिहिलेलं असेल तर तो वेगळाच प्राणी, तो डिस्कच्या स्वतःच्या कंट्रोलरमध्ये असतो, त्यामुळे डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावली तरी ती उघडत नाही. फक्त सेटअपच लॉक असेल आणि विंडोज नीट चालू होत असेल तर घाई कसलीच नाही, आजच बॅकअप घेऊन ठेवा आणि मग निवांत बसा.

आता आठवायचा प्रयत्न, पण जरा डोकं लावून. माझ्या जुन्या लॅपटॉपला मी अर्धा दिवस बरोबर पासवर्ड टाकत होतो आणि तो चूक म्हणत होता. छोटा कीबोर्ड, वेगळा नंबर पॅड नाही, आणि नम लॉक चालू राहिलेला. अशा कीबोर्डवर नम लॉक असला की जे, के, एल दाबल्यावर १, २, ३ उमटतात आणि यू, आय, ओ च्या जागी ४, ५, ६, आणि स्क्रीनवर नुसते स्टार दिसतात म्हणून कळतच नाही. नम लॉक बंद केला, पहिल्या झटक्यात उघडला! कॅप्स लॉकचंही तेच. विंडोजमध्ये वेगळा कीबोर्ड लेआउट वापरत असाल तर तेही लक्षात घ्या, बायोस बहुतेक वेळा साधा अमेरिकन लेआउटच धरतो, त्यामुळे अ‍ॅट किंवा हॅशसारखी चिन्हं भलत्याच बटणावर गेलेली असतात. तीन वेळा चुकलं की बरेच लॅपटॉप अडकतात आणि सिस्टिम डिसेबल्ड असं काहीतरी दाखवतात, तेव्हा पॉवर बटण दाबून बंद करायचा आणि परत चालू करायचा. त्यावेळी एखादा कोड दिसला तर मोबाईलने फोटो काढून ठेवा, पुढे लागतो.

आता तो जगप्रसिद्ध उपाय, आतला सीआर२०३२ चा बटण सेल काढा आणि अर्ध्या तासाने लावा. जुन्या डेस्कटॉपवर हे चालायचं, कारण पासवर्ड सीमॉस मेमरीत (बायोसच्या सेटिंग्ज ठेवणाऱ्या छोट्या मेमरीत) असायचा आणि ती त्या सेलवरच जगायची, डेस्कटॉपच्या बोर्डवर त्यासाठी जम्परही (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असतो. लॅपटॉपमध्ये मात्र गेली कित्येक वर्षं पासवर्ड ईईप्रॉम किंवा फ्लॅश चिपमध्ये ठेवतात, आणि तिला वीज नसली तरी सगळं लक्षात राहतं. मी रात्रभर सेल काढून ठेवून पाहिलंय, सकाळी तारीख तेवढी मागे गेली होती, पासवर्ड जिथल्या तिथे. लेनोवोच्या काही थिंकपॅडवर याने पॉवर-ऑन पासवर्ड जातो, पण सुपरवायजर लावलेला असेल तर नाही.

त्यामुळे खरा रस्ता कंपनीच्या सपोर्टचा, आणि तिथे लागतं बिल. डेल पासवर्डच्या स्क्रीनवर सर्व्हिस टॅग (लॅपटॉपचा ओळख क्रमांक) आणि त्याला जोडलेली अक्षरं दाखवतं, तेवढं सांगितलं आणि मालकी पटली की ते कुलूप उघडायचा रिलीज कोड देऊ शकतात, जुन्या काही मॉडेलवर तो टाकून नुसतं एंटर नाही, आधी कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबावं लागतं. लेनोवो थिंकपॅडच्या सुपरवायजर पासवर्डला सरळ मदरबोर्ड बदला म्हणतं, ऐकायला कडू आहे पण तसंच आहे. सेकंडहँड घेतला असेल तर आधी विकणाऱ्याला गाठा, ऑफिसातून निघालेल्या मशीनचा पासवर्ड बहुतेकदा त्यांच्या आयटीवाल्याकडे असतो.

मॅकची गोष्ट निराळी. तिथे बायोस पासवर्डच्या जागी फर्मवेअर पासवर्ड, आणि तो फक्त इंटेलवाल्या मॅकला असतो, एम१ आणि पुढच्यांना नाही, आणि नेहमीसारखं चालू करताना तो विचारतही नाही, रिकव्हरीत जाताना किंवा दुसऱ्या डिस्कवरून बूट करताना कुलपाचं चित्र येतं. विसरलात तर मशीन आणि मूळ बिल घेऊन अ‍ॅपल स्टोअर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला स्वतः जावं लागतं.

फक्त फायली हव्या असतील तर एवढं करायची गरजच नाही. बायोस पासवर्डने डिस्क एनक्रिप्ट होत नाही, म्हणजे आतला डेटा सांकेतिक होत नाही, एसएसडी काढा, यूएसबी केसमध्ये घाला आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा (बोर्डावरच सोल्डर केलेली किंवा हार्ड डिस्क पासवर्ड लावलेली असेल तर मात्र नाही). बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एनक्रिप्शन) चालू असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागेल, घरच्या लॅपटॉपची ती बहुतेक मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते.

चिप प्रोग्रामर (चिपवर डेटा लिहायचं यंत्र) आणून बायोस चिप स्वतः फ्लॅश करायचे, म्हणजे पुसून परत लिहायचे, व्हिडिओ ढिगाने आहेत. हात बसलेला नसेल तर नको, १.८ व्होल्टच्या चिपला ३.३ व्होल्टचा प्रोग्रामर लावला की चिप जाऊ शकते, आणि मूळ डेटाची कॉपी न घेता पुसलं तर सिरीयल नंबरसुद्धा गायब.

एकदाचं कुलूप उघडलं की लगेच सेटअपमध्ये जा, जुना पासवर्ड मागितला तर मिळालेला टाका, नव्याचे दोन्ही रकाने रिकामे ठेवून एंटर मारा आणि सेव्ह करून बाहेर या. मदरबोर्ड बदलला असेल आणि बिटलॉकर चालू असेल तर पहिल्या बूटला रिकव्हरी की मागणारच, कारण बिटलॉकरची किल्ली सांभाळणारी जुनी टीपीएम चिप जुन्या बोर्डाबरोबर गेली, तेव्हा लॅपटॉप दुरुस्तीला टाकायच्या आधीच ती की शोधून कागदावर लिहून ठेवा.