लिस्बन ते बर्लिन: अंतर आणि विमानाचा वेळ कसा काढायचा

लिस्बन ते बर्लिन किती किलोमीटर असं सर्च केलं की कुठे २३०० दिसतं, कुठे २८०० च्या आसपास, आणि मग डोक्यात गोंधळ. दोन्ही बरोबर आहेत. २३१० च्या जवळचा आकडा हवाई अंतराचा, म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून धरली तर जेवढी लागेल तेवढा, आणि मोठा आकडा रस्त्याचा, कारण गाडीला बिस्केच्या उपसागराला वळसा घालून, पिरनीज डोंगराच्या पश्चिम टोकाकडून फ्रान्समध्ये शिरावं लागतं. विमान मात्र उत्तर स्पेनवरून थेट समुद्र ओलांडून फ्रान्सवर येतं. विमानाचा वेळ काढायचा तर हवाई अंतरच घ्या.

आता वेळ. अंतराला ८०० ने, म्हणजे विमानाच्या ताशी साधारण किलोमीटरच्या वेगाने, भागायचं आणि वर अर्धा-पाऊण तास टाकायचा, चढणं, उतरणं, रनवेपर्यंत सरकत जाणं यासाठी. २३१० भागिले ८०० म्हणजे जवळपास २ तास ५५ मिनिटं, वरचा वेळ धरून साधारण साडेतीन तास. हा वरचा वेळ विसरू नका हं, छोट्या अंतराला तर सगळा खेळ त्याचाच असतो. लंडन-पॅरिस जेमतेम साडेतीनशे किलोमीटर, नुसतं भागलं तर पंचवीस-तीस मिनिटं येतात, पण तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास असतं.

येताना थोडा जास्त वेळ धरा. त्या पट्ट्यात वरचा वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यामुळे बर्लिनला जाताना तो मागून ढकलतो आणि परतताना समोरून येतो, दहा-वीस मिनिटांचा फरक सहज पडतो.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते घड्याळात. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात, आणि लिस्बन बर्लिनच्या एक तास मागे आहे. समजा लिस्बनहून १०:०० ला निघालात आणि साडेतीन तास लागले, तर बर्लिनच्या घड्याळात १४:३० झालेले असणार, म्हणजे नुसती वजाबाकी केली तर साडेचार तास वाटतात. परतताना उलटं, १५:३० ला निघून पावणेचार तास उडालात तरी लिस्बनमध्ये १८:१५ च वाजलेले असतील, आणि पावणेतीन तासांतच पोचलो असं वाटेल. जाताना एक तास वजा करा, येताना एक मिळवा. उन्हाळी वेळेची, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात त्याची, काळजी नको, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दोन्हीकडची घड्याळं एकाच क्षणी बदलतात, फरक तोच राहतो.

पुढे कुणाला भेटायची वेळ द्यायची असेल तर नुसत्या उड्डाणावर जाऊ नका. लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे, मेट्रोची लाल लाइन थेट तिथे जाते. बर्लिनचा मात्र शहराच्या दक्षिणेला श्योनेफेल्डला, तिथून ट्रेनने मध्यात यायला वेळ लागतो, आणि जुन्या माहितीत टेगेल हे बर्लिनचं जुनं विमानतळ दिसलं तर सोडून द्या, ते नोव्हेंबर २०२० मध्येच बंद झालं. पोर्तुगाल आणि जर्मनी दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे आपापसातल्या सीमेवर सहसा पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्यामुळे उतरल्यावर सहसा पासपोर्टची रांग नसते, तरी पासपोर्ट जवळ ठेवाच. विमानतळावर दोन तास आधी पोचणं, बॅगची वाट बघणं, दोन्हीकडचा शहरातला प्रवास, हे सगळं धरून मी तरी घर ते हॉटेल सात तास मोजेन.