पेरणीच्या दिवसांत स्प्रिंटची क्षमता कशी ठरवावी

यवतमाळ, वाशीम, वर्धा या जिल्ह्यांतील गावांत राहून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या टीमचा जूनमधला स्प्रिंट, म्हणजे ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा, अनेकदा कोलमडतो आणि त्याचे खापर काम करणाऱ्यांवर फुटते. हे अन्यायाचे आहे. चूक झालेली असते ती नियोजनाच्या बैठकीत, प्रत्येकाचे सगळे दिवस आणि सगळे तास गृहीत धरताना.

पाच जणांची टीम आणि दोन आठवड्यांचा स्प्रिंट धरला, तर कामाचे १० दिवस, म्हणजे ५० मनुष्यदिवस होतात. त्यांतून आधी रजा वजा कराव्यात. दोघांच्या घरी शेती असून पेरणीला प्रत्येकी ३ दिवस लागणार असतील, तर ४४ दिवस उरतात. दिवसाचे ८ तास न धरता प्रत्यक्ष हातून काम होणारे ६ तास धरावेत, म्हणजे २६४ तास होतात. नियोजन, रोजची १५ मिनिटांची बैठक, रिव्ह्यू (झालेले काम दाखवणे) आणि रेट्रोस्पेक्टिव्ह (कामाच्या पद्धतीचा आढावा) यांना मिळून माणशी १० तास जात असतील, तर २१४ राहतात. मागील काही स्प्रिंटमध्ये जुने बग आणि सपोर्ट यांत एक पंचमांश वेळ गेल्याचे दिसत असल्यास १७१ उरतात. पहिल्या वादळी पावसात लाइन जाते, डीपी जळाली तर ती लवकर येत नाही आणि इन्व्हर्टरलाही मर्यादा असते. यासाठी आणखी दहा टक्के राखून ठेवले की सुमारे १५४ तास हाती येतात. कागदावर मात्र ४०० दिसत होते.

हा आकडा व्हेलॉसिटीशी, म्हणजे टीम एका स्प्रिंटमध्ये सरासरी किती काम पुरे करते त्या मापाशी, ताडून पाहावा. पूर्ण हजेरीच्या मागील तीन स्प्रिंटची सरासरी ३० पॉइंट (कामाच्या आकाराचे अंदाजी माप) असेल, तर ४४ दिवसांना साधारण २६ पॉइंटच झेपतील.

एकूण बेरीज जुळली तरी काम एका माणसापाशी अडू शकते. टीममध्ये टेस्टर एकच असेल आणि तोच पेरणीला जाणार असेल, तर त्याचे ७ दिवसांचे ४२ तास, त्यांतून बैठकांचे १० गेले की ३२ तास राहतात. प्रत्येक स्टोरीला (वापरकर्त्याच्या एका गरजेपुरत्या छोट्या कामाला) टेस्टिंगचे ८ तास लागत असतील, तर बाकीच्यांना कितीही सवड असली तरी पाचवी स्टोरी घेऊ नये. त्या सवडीत डेव्हलपरांनी ऑटोमेटेड टेस्ट लिहाव्यात.

पेरणीची रजा आगाऊ तारीख देऊन मागता येत नाही, ही गोष्ट शहरातल्या मॅनेजरला मोकळेपणाने सांगावी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. त्यामुळे आपापल्या गावात किती पाऊस झाला, हे रोजच्या बैठकीत विचारल्यास रजेचा अंदाज एक-दोन दिवस आधी येतो. शेती असलेल्या सहकाऱ्याकडे त्या काळात एकट्यानेच पूर्ण करायची स्टोरी देऊ नये; जोडीने करण्याचे काम द्यावे.

एवढे करूनही पावसाने दडी मारली आणि दुबार पेरणी आली, तर रजा पुन्हा पडेल. तेव्हा उरलेल्यांना रात्री जागवू नये. त्याच दिवशी प्रॉडक्ट ओनरशी (कोणते काम आधी करायचे हे ठरवणाऱ्याशी) बोलून, स्प्रिंटचे उद्दिष्ट कायम ठेवून, त्याला आवश्यक नसलेली स्टोरी बॅकलॉगमध्ये (बाकी कामांच्या यादीत) परत पाठवावी.