दिवस राहण्याचं गणित: पाळीच्या तारखेवरून काय आणि कसं मोजायचं

दिवस राहावेत म्हणून सगळे चौदावा दिवस धरून बसतात, पण तो हिशोब फक्त 28 दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी, म्हणून उलटं मोजायचं. समजा 1 जूनला पाळी आली आणि तुमचं चक्र 35 दिवसांचं आहे, म्हणजे पुढची 6 जुलैला, तर बीज 22 जूनच्या आसपास सुटणार. कालनिर्णयवर 17 ते 22 जूनला गोल करून ठेवा. बीज सुटल्यावर जेमतेम 12 ते 24 तास टिकतं पण शुक्राणू बाईच्या शरीरात 5 दिवसांपर्यंत तग धरतात, त्यामुळे आधीचे दिवसच जास्त कामाचे, आणि दिवसाआड संबंध आले तरी पुरतं. त्या दिवसांत अंगावरून जाणारं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट आणि ताणलं जाणारं असतं, तीही एक खूण. पाळी फारच मागेपुढे होत असेल तर हे गणित जमणार नाही, सरळ डॉक्टरांना दाखवा.

बीज आणि शुक्राणू भेटतात ते नळीत (गर्भनलिकेत), पिशवीत (गर्भाशयात) नाही. तिथून गर्भ सरकत सरकत पिशवीत येतो आणि बीज सुटल्यानंतर 6 ते 10 दिवसांनी अस्तरात रुजतो, आणि एचसीजी नावाचं हार्मोन लघवीत यायला लागतं ते रुजल्यानंतरच. म्हणून घाईने घरी प्रेग्नन्सी टेस्ट करून रडत बसू नका. पाळी चुकली की सकाळची पहिली लघवी घ्या, पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब टाका आणि सांगितलेल्या वेळेतच बघा, सी समोर रेघ नसेल तर किट वाया गेली, टी समोर फिकट रेघ आली तरी ती पॉझिटिव्हच धरायची.

मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्राणूवर ठरतं त्यामुळे सुनेला बोल लावणं चूकच, आणि तपासून घेणं तर 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांतच बंद होते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, अर्ध्या घरांत तर अजून कुणाला सांगितलेलंही नसतं. ती नीट बंद व्हावी म्हणून फॉलिक ॲसिड रोज 400 मायक्रोग्रॅम, प्रयत्न सुरू करायच्या निदान महिनाभर आधीपासून, डॉक्टरांना विचारून. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या ताईंनी तर त्याच महिन्यापासून फवारणीची कामं दुसऱ्याकडे द्यावीत, ताज्या फवारलेल्या बागेत शिरूच नये, आणि हे मुकादमाला नवऱ्याने सांगावं.

डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणून पाळी चुकली त्याच दिवशी 4 आठवडे धरतात (28 दिवसांचं चक्र असेल तर), आठवडे जास्त दिसले म्हणून घरात उगाच शंका घेऊ नका. 12 आठवड्यांच्या आत नाव नोंदवा, गावात आशाताईंकडे, नाशिक शहरात महापालिकेच्या दवाखान्यात नाहीतर त्र्यंबक नाक्याच्या सिव्हिलला, माता-बाल कार्ड तिथेच मिळतं. आणि टेस्ट पॉझिटिव्ह असताना पोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, रक्त गेलं तर सकाळची वाट बघू नका, गर्भ गर्भनलिकेतच अडकलेला असू शकतो, तेव्हा रात्र असली तरी गाडी काढून लगेच हॉस्पिटल गाठा.