अठरावे वर्ष लागले की: बालगृहातून बाहेर पडण्याची तयारी

अठरावे वर्ष लागले, म्हणजे सतरा पूर्ण झाली, की बालगृहातून बाहेर पडण्याच्या तयारीला लागावे; अठरा पूर्ण होण्याची वाट पाहू नये. घरात वाढलेल्या मुलाच्या अठराव्या वाढदिवशी फारसे काही बदलत नाही, पण संस्थेत वाढलेला मुलगा किंवा मुलगी त्या दिवसापासून बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार ‘बालक’ राहत नाही आणि आजवरच्या कॉटवरचा, ताटावरचा हक्क संपतो. अशा मुलामुलींबरोबर काम करताना मला पुन्हापुन्हा एकच गोष्ट दिसते. बाहेर पडल्यावर ज्या कामासाठी त्यांना महिनोन्‌महिने हेलपाटे घालावे लागतात, ते काम आत असताना एका अर्जात झाले असते. मात्र तसे त्यांना कोणी वेळेवर सांगितलेले नसते.

सर्वांत आधी स्वतःची फाइल पाहावी. प्रत्येक प्रवेशिताची, म्हणजे संस्थेत राहणाऱ्या मुलाची किंवा मुलीची, फाइल अधीक्षकांच्या कपाटात असते आणि तिच्यात मुलाला संस्थेत ठेवण्याचा निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीचे आदेश, सामाजिक तपासणी अहवाल, वैद्यकीय नोंदी, शाळेची कागदपत्रे असा आपला सगळा भूतकाळ असतो. तिच्यातील कागदांच्या प्रती मिळाव्यात असा अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जन्मदाखला आणि आधार कार्ड मात्र मूळ स्वरूपात आपल्या हाती आले पाहिजे. मग हे सगळे कागद एका चटईवर शेजारी शेजारी मांडून नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहावी. मला माहीत असलेल्या एका मुलीच्या आधार कार्डावर संस्थेने लावलेले आडनाव होते, तर गुणपत्रिकेवर ती सापडली तेव्हा पहिल्या कागदावर कोणीतरी लिहिलेले वेगळेच आडनाव. बँकेने तिला तीन वेळा परत पाठवले. शाळेच्या पटावर नाव आहे तोवर अशी दुरुस्ती तुलनेने सोपी असते. शाळा सुटल्यावर राजपत्रात नावबदलाची सूचना प्रसिद्ध करण्यापर्यंत वेळ येते.

ज्यांचे आई-वडील हयात नाहीत किंवा ज्यांचा थांगपत्ताच नाही, त्यांनी अनाथ प्रमाणपत्राचा अर्जही याच काळात करावा. तो जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात द्यावा लागतो. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षणात आणि शासकीय नोकऱ्यांत १ टक्का आरक्षण ठेवले, ते याच प्रमाणपत्रावर मिळते. जन्माचीच माहिती नसलेल्या मुलाला जातीचा पुरावा आणता येत नाही आणि त्यामुळे कोणत्याच सवलतीत बसता येत नाही, ही अडचण त्या निर्णयामागे होती. मात्र बालगृहात वाढलेले प्रत्येक मूल कायद्याने अनाथ नसते. आई किंवा वडील हयात असतील, तर हे प्रमाणपत्र मिळेल असे गृहीत धरून पुढचे बेत आखू नयेत, आणि आपल्या आई-वडिलांचे कागद, विशेषतः जातीचा दाखला, मिळतो का याचा शोध आधीच घ्यावा.

अठरानंतर एकदम रस्त्यावर यावे असे कायदाही म्हणत नाही. अधिनियमाच्या कलम ४६ मध्ये संस्था सोडणाऱ्या तरुणांना समाजात स्थिरावण्यासाठी आर्थिक साहाय्य देण्याची तरतूद आहे. अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, ही सोय २१ वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ वर्षांपर्यंत मिळू शकते. कोणाला अनुरक्षण गृहात जागा मिळते, तर कोणाला ‘मिशन वात्सल्य’ या केंद्र शासनाच्या बाल संरक्षण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दरमहा ४,००० रुपयांचे साहाय्य. यासाठी बाल कल्याण समितीचा आदेश लागतो. म्हणून वाढदिवसाच्या काही महिने आधी समितीपुढे स्वतः उभे राहून, आपण काय शिकणार आहोत, कुठे राहणार आहोत आणि कशासाठी मदत हवी आहे हे लेखी मांडावे. ‘काहीतरी कोर्स करायचा आहे’ असे सांगण्यापेक्षा ‘आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला प्रवेश घेतला आहे, दोन वर्षे लागतील’ असे सांगणाऱ्याची बाजू अर्थातच भक्कम होते.

खोली शोधताना पहिला प्रश्न येतो, ‘आई-वडील कुठे असतात?’ त्याचे उत्तर आधी ठरवून जावे. खोटे गाव, खोटे वडील सांगू नयेत, कारण ते खोटे पुढे वर्षानुवर्षे सांभाळावे लागते. पण भाड्याच्या खोलीसाठी आपली सगळी कहाणी सांगायलाही आपण बांधील नाही. ‘मी संस्थेत राहून शिकलो, आता इथे नोकरी करतो, हे नोकरीचे पत्र,’ एवढे पुरेसे असते, आणि नसेल तर ती खोली आपल्यासाठी नव्हे. आपल्याच संस्थेतून आधी बाहेर पडलेल्या दोघातिघांबरोबर मिळून खोली घेणे मला सर्वांत योग्य वाटते. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. अनामत रकमेची पावती घेतल्याशिवाय पैसे हातात देऊ नयेत.

अज्ञान, म्हणजे कायद्याने अठराच्या आतले, असताना उघडलेले बँक खाते अठरा पूर्ण होताच नव्या सहीने आणि नव्या कागदपत्रांनिशी सज्ञान व्यक्तीच्या नावे करून घ्यावे लागते, नाहीतर पहिला पगार अडकतो. पगार आला की त्याच दिवशी भाडे आणि मेसचे पैसे बाजूला काढावेत. आयुष्यात पहिल्यांदा हातात आलेला पैसा दहा दिवसांत संपतो, हे मी चांगल्या, जबाबदार मुलांच्या बाबतीतही पाहिले आहे, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण त्यांना पैसा हाताळायला कधी मिळालेलाच नव्हता. नोकरीत भविष्य निर्वाह निधीचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा खाते) क्रमांक आणि, पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर, ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या आजारपणाच्या सरकारी विम्याचे, कार्ड मिळणार आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारावे. आजारपणात धावून येणारे घर मागे नसते तेव्हा त्या कार्डाचे मोल फार असते.

स्वयंपाकही आतच शिकून घ्यावा. एक मुलगा साठ जणांचे तांदूळ सराईतपणे निवडायचा, पण स्वतःच्या खोलीत पहिल्या रात्री त्याने पातेलेभर भात शिजवला आणि तोच भात दोन दिवस खाल्ला. एका माणसाला किती लागतो हे त्याला ठाऊक नव्हते. एका माणसाला एक लहान वाटी तांदूळ, दुप्पट पाणी, आणि पाव किलो तूरडाळ किती दिवस पुरते याचा अंदाज, एवढ्या साध्या गोष्टी असतात. रविवारी स्वयंपाकघरात मदतीला उभे राहण्याची परवानगी मागावी.

सर्वांत अवघड असते ती संध्याकाळ. घंटेवर उठणे, घंटेवर जेवणे, तीस जणांच्या गलक्यात झोपणे, आणि मग एकाएकी एका खोलीतली शांतता. प्रत्येक अर्जात ‘तातडीच्या वेळी संपर्क’ असा रकाना असतो आणि तिथे पेन अडखळते. तो रकाना बाहेर पडण्याआधी भरावा. एखाद्या शिक्षिकेला, गृहमातेला, मोठ्या झालेल्या माजी प्रवेशिताला सरळ विचारावे, ‘ताई, तुमचा नंबर लिहू का? रात्री-अपरात्री फोन केला तर चालेल का?’ बहुतेक माणसे हो म्हणतात, असा माझा अनुभव आहे. विचारायला मात्र धीर लागतो. असे दोन नंबर असावेत.

आणि पहिल्या दिवाळीचे आधी ठरवावे. मेस बंद होते, खोलीतले सोबती गावी जातात, कारखान्याला सुट्टी लागते. वसुबारसेच्या निदान पंधरा दिवस आधी त्या दोनपैकी एका नंबरवर फोन करून ‘मी फराळाला येऊ का?’ असे विचारून ठेवावे, आणि जायचे ठिकाण लांब असेल तर एसटीचे आरक्षणही त्याच दिवशी करावे.